दोन्ही हात डावे

सुभ्या, तुझा गडी मी मांडला. बावड्याच्या माझ्या शिलाईच्या दुकानात, काचेच्या कपाटात, वरच्या फळीवर. तिथे आधी लग्नाच्या ब्लाऊजचे नमुने टांगलेले असायचे, ते मी खाली घेतले. माप द्यायला आलेल्या बाईची नजर आता आधी त्याच्याकडेच जाते. "हे काय वो आक्का, रोबोट का काय?" असं विचारतात. मी म्हणते, भावाचा आहे. मग पुढचं कुणी विचारत नाही.

हा गडी मांडायचा की नाही यावरूनच आपण शेवटचं भांडलो, आणि भांडण अर्धं टाकून उठून जायची तुझी खोड तू शेवटपर्यंत सोडली नाहीस. उरलेलं भांडण मी एकटी भांडते, दोन्ही बाजूंनी. तुझी बाजू बोलताना आवाज चढवावा लागतो. मग तुझे दाजी आतून डोकावतात आणि विचारतात, "कोण आलंय?" मी म्हणते, कुणी नाही. ते क्षणभर उभे राहतात, रिकाम्या खुर्चीकडे बघतात आणि आत जातात. त्या खुर्चीवर हल्ली कुणी गिऱ्हाईक बसलं तरी माझा जीव दचकतो.

पण गडी मांडायचं शेवटी तू ठरवलं नाहीस आणि मीही नाही. ते आईने ठरवलं. होय, आपल्या आईने. तुला हे खरं वाटणार नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. मध्ये बोलू नकोस.

पुण्याच्या जुन्या बाजारातून तू तो आणलास. बारामतीत एसटी स्टँडजवळ तुझी कॅसेट लायब्ररी, मागच्या बाजूला टीव्ही दुरुस्तीचं टेबल. नव्या कॅसेटी आणायला म्हणून पुण्याला जायचास आणि पिशवीत कॅसेटी कमी, भंगार जास्त. त्या भंगारात हा निघाला. वीतभर उंच, प्लॅस्टिकचा, अंगात चंदेरी पोशाख, छातीवर बटणं, डोक्याला पारदर्शक टोप. टोप वर सरकवला की आत एक छोटा, गंभीर चेहरा. हातातल्या बंदुकीला पुढे भोकच नाही, असं मी म्हणाले, तर तू मला अडाणी ठरवलंस. किरणांची बंदूक आहे म्हणे, तिला भोक लागत नाही. कुठल्या तरी परदेशी अंतराळपटातला तो असणार. कुठल्या, ते शोधायला तू दुकानातल्या सगळ्या इंग्रजी कॅसेटी पुढे-मागे पळवून पाहिल्यास. एकातही तो दिसला नाही.

"गर्दीतला असंल," तू म्हणालास. "मागं नुसता उभा ऱ्हाणारा. पर अशांची बी बाहुली कुणीतरी करतंच की आक्के."

आणि मग तो शोकेसमध्ये मांडायच्या लायकीचा आहे का, हे तू बघत बसलास. तुझ्यासाठी मुली बघायला गेलो तेव्हा कपातला चहा निवायच्या आत तू नकार ठरवलेला असायचास, आणि या बाहुल्यावर महिनेच्या महिने. काउंटरवर वर्तमानपत्र पसरायचं, घड्याळजीकडून आणलेलं भिंग डोळ्याला लावायचं आणि त्याला फिरवत बसायचं. टेकू न देता उभा राहिला पाहिजे, ही पहिली अट. खरचटलेलं चालेल, खरचटणं त्याचं स्वतःचं आहे, पण वरून कुणी रंग फासलेला असला तर तो बाद. सांधे खिळखिळे नकोत. ज्या हत्यारासकट तो जन्मला, तेच हत्यार हातात हवं. कॅसेट न्यायला आलेल्या माणसाला तू हे सगळं ऐकवायचास. बिचारा मारामारीचा सिनेमा मागायला आलेला असायचा. केबल आली आणि तुझं गिऱ्हाईक तुटलं असं सगळे म्हणतात. निम्मं तू गड्यावर भाषणं देऊनच तोडलंस.

या सगळ्या परीक्षांत गडी पास झाला. आडवे आले ते हात.

त्याचे दोन्ही हात डावे. बंदूक धरलेला डावा हात डाव्या खांद्याला, तो ठीक. पण उजव्या खांद्यालाही डावाच. त्यामुळे त्याचा तळवा मांडीकडे न वळता बाहेर वळलेला. शेजारी कुणीतरी उभं असावं आणि त्याने हात धरावा, म्हणून बाहेर काढून ठेवल्यासारखा. तुझ्या ते लक्षात आलं होतं, पण तू कुणाला बोलला नव्हतास. शोकेसमध्ये त्या बाजूला एक कॅसेट उभी करून तू त्याला मांडलंस, म्हणजे हात झाकला जाईल.

मग ते पुण्याचे गृहस्थ आले. जुन्या बाजारातली तुझी ओळख, घरी असल्या बाहुल्यांची कपाटं भरलेली. कुठे तरी जाता जाता बारामतीत उतरले. त्यांनी कॅसेट बाजूला केली, गडी हातात घेतला, एकदाच उलटा-सुलटा केला आणि म्हणाले, "कुणीतरी दुसऱ्याचा हात बसवलाय हो याला. गंमत म्हणून ठेवा घरी, पण डिस्प्लेला नका लावू. बघणारा आधी दोषच बघतो." तू त्यांना चहा पाजलास, स्टँडवर सोडून आलास, आणि गडी रुमालात गुंडाळून टेबलाच्या खणात घातलास.

तोच रुमाल घेऊन तू बावड्याला आलास. "आक्के, तू बग. बाह्यांची नजर तुजी."

मी बघितला. आता माझा धंदाच तो, मी काय करू? बाही कापताना कापड समोरासमोर घडी घालून कापायचं असतं, तेव्हा एक डावी आणि एक उजवी निघते. घाईत घडी न घालता एकाच बाजूने दोनदा कात्री चालवली की दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होतात. शिकाऊ पोरी हे करतातच. मी सरळ सांगितलं.

"दोन्ही बाह्या डाव्या. कटिंगची चूक."

तुझे डोळे चमकले. "म्हंजी नंतर कुणी बसवला न्हाय? कारखान्यातनंच असा आला?"

"ते मला काय म्हाईत? चूक कारखान्यात झाली का बाजारात, चूक ती चूकच."

"न्हाय आक्के. नंतर बसवला असंल तर चूक. असाच आला असंल तर चूक कशी? तो त्याचा हात हाय."

"मी असली बाही उसवते. गिऱ्हाईक घेत न्हाय."

"उसव की मग," तू म्हणालास आणि गडी माझ्या कात्रीशेजारी आडवा ठेवलास.

मी कात्रीला हात लावला नाही. तू वाट बघितलीस, मग त्याला परत रुमालात गुंडाळलंस. मी म्हणाले, भाकरी टाकते, जेवून जा. तू चपला घालत होतास. "तू बी आयचीच लेक," म्हणालास आणि एसटीला गेलास. माझं मत आजही तेच आहे, सुभ्या. ती चूकच आहे. पण तू जेवून गेला असतास तर फार बरं झालं असतं.

कारण जेवणाचंच सगळं पुढे आलं.

तुझा डावा हात आईला कधी सोसला नाही. मारायची नाही ती, पण जेवायला बसलास की फडक्याने तुझा डावा हात पाठीमागे बांधायची. हलकीच गाठ, ओढली असती तर सुटली असती, पण तू ओढायचा नाहीस. "डाव्या हातानं खाल्लं की अन्न रुसतं," म्हणायची. तू उजव्या हाताने जेवायला शिकलास खरा, पण दुसऱ्याच्या हाताने जेवत असल्यासारखा. घास तोंडापर्यंत येईस्तोवर निम्मा ताटात सांडायचा. मग तू लवकर उठायचास. पोराला भूकच नाही, म्हणून आई तुला देवाचे अंगारे लावायची, आणि मला हसू यायचं आणि रडूही.

माझं लग्न झालं, मी बावड्याला आले आणि तू यायला लागलास. सोप्यात सासूबाई असायच्या. मी तुला स्वयंपाकघरात कोपऱ्यात बसवायची आणि म्हणायची, भिंतीकडे तोंड कर आणि जेव, कुणी बघत नाही. मग तू डाव्या हाताने जेवायचास. भाकरीवर भाकरी. मला फक्त तुझी पाठ दिसायची, आणि ती पाठ इतकी खुशीत असायची की मी तव्यावरून नजर काढून तिच्याकडे बघत राहायची. सासूबाई म्हणायच्या, "लई लाजाळू हाय बया तुजा भाऊ." हे आपण आईला कधी कळू दिलं नाही.

तू गेलास ते कसं, ते इथे सांगत नाही. मला ते इतक्या लोकांनी विचारलंय की सांगताना आता माझाच आवाज मला परका वाटतो. दहाव्याला कावळा लगेच शिवला. बायकांचे पदर सावरून होण्याआधी शिवला. आपले तात्या, बाबांच्या मागे घरात मोठं म्हणायला तेवढे चुलतेच उरले, ते म्हणाले, "पोरगं समाधानानं गेलं." मलाही तसंच वाटलं. मी बावड्याला परत आले आणि अडलेले कपडे शिवायला घेतले.

मग माहेराहून, लोणी भापकरहून निरोप आला की आई जेवत नाही.

मी गेले तेव्हा ती खांबाला टेकून बसली होती, निम्मी झालेली. "सुभ्या येतो," ती म्हणाली. रोज पहाटे स्वप्नात येतोस. दारात चपला काढतोस, खांबाजवळ तुझ्या जागेवर बसतोस. ती ताट वाढते. आणि तू दोन्ही हात मांडीवर ठेवून ताटाकडे बघत राहतोस. "बोलत न्हाय, रुसल्यावानी बी न्हाय. नुसता बगतो. हात काय उचलत न्हाय. पोरगं रोज माज्या दारातनं उपाशी जातंय शालन, मी कशी गिळू?"

मी राहिले तिच्याजवळ. ती तुझ्या आवडीचं करायची, शेंगोळी, सांडग्याची आमटी, आणि एक ताट खांबाजवळ मांडून ठेवायची. सकाळी ते तसंच असायचं आणि ती तशीच. मी तिच्या तोंडात घास घालायला जायची, ती तोंड फिरवायची, नुसत्या चहा-दुधाच्या घोटावर राहायची. घर एवढं गप्प की गोठ्यात म्हैस हलली तरी दोघी दाराकडे बघायचो. झाडलोट करताना मी तुझ्या जागेला वळसा घालून जायला लागले. कुणी बसलेल्या माणसाला केरसुणी लागू नये म्हणून जावं तशी. मी भुताखेताला मानत नाही, तुला ठाऊक आहे. पण वळसा घालायची.

तात्यांनी निदान केलं. "बिनलगनाचा गेलाय. जागा न्हाय त्याला, म्हून फिरतोय. वीर बसवा." आपल्या घराची रीत तू बघितलेली आहेस. लग्नाआधी गेलेल्या पुरुषाचा टाक करायचा, म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेला घोडेस्वार, हातात तलवार. तो देव्हाऱ्यात खंडोबा-बिरोबाशेजारी बसला की त्याला घर मिळतं, मग तो फिरत नाही. घट बसायच्या आत टाक घरी आणायचा असं ठरलं. आई म्हणाली, तोवर आणि पुढेही, तो जेवल्याशिवाय मी जेवणार नाही. तिचं म्हणणं ती मागे घेत नाही, हे तुला मी सांगायला नको.

त्याच आठवड्यात तुझं दुकान रिकामं करून सामान टेम्पोने लोणीला आलं. कॅसेटींची पोती, भिंग, उघडे टीव्ही. खणातला रुमाल आईच्या हाती लागला. मी पाणी घेऊन घरात आले तर तुझा गडी देव्हाऱ्यात. खंडोबाच्या शेजारी उभा, टोपावर हळदकुंकू, बंदुकीवर हळदकुंकू, समोर दिवा.

तात्या दारातूनच ओरडले, "अगं पलास्टिक हाय ते! पोरांचं खेळणं!"

"डोईला टोप हाय, अंगात चिलखत हाय, हातात हत्यार हाय," आई म्हणाली. "मग वीर न्हाय तर काय हाय? त्यानं सोताच करून ठिवलाय. म्हाईत हुतं त्याला."

तात्यांनी एवढंच विचारलं, "ह्याचा घोडा कुठाय मग?" आणि आई म्हणाली, "घोडा पाठीमागनं यील." मी हंडा खाली ठेवला आणि हसायला लागले, आणि हसता हसता जे रडले ते तुझ्या दहाव्याला रडले नव्हते.

शेवटी तात्यांनी हट्टच धरला. आईने गडी बाहेर आणला, कुंकू पुसायला अंगणात उन्हात बसली. आणि सुभ्या, ती त्याला बघायला लागली. तू बघायचास तशी. डोळ्यांजवळ नेऊन, मग लांब धरून. टोप वर करून तोंड बघितलं. जात्याच्या पाळीवर त्याला उभा करून हात काढून घेतला. "उभा ऱ्हातोय की," म्हणाली. मग तिचं बोट त्याच्या बाहेर वळलेल्या हातावर थांबलं.

"शालन, ह्याचं दोनी हात डावंच हायती."

"व्हय."

तिने बोट तिथून काढलं नाही. "ह्याच्या आयनं काय केलं असंल गं?"

"ह्याला कुठली आय? कारखान्यात झालाय तो."

"म्हून दोनी ऱ्हायलं," आई म्हणाली.

ती अंगठ्याने त्याचा तळवा चोळत होती. कुंकू कधीच निघालं होतं.

"तुज्याकडं जेवायचा व्हय गं सुभ्या?"

"जेवायचा."

"पोटभर?"

"पोटभर."

"कसा?"

एवढी वर्षं आपण जे झाकलं ते मी सांगून टाकलं. भिंतीकडे तोंड करून. डाव्या हाताने. आई उठली, गडी जात्यावर तसाच ठेवला आणि आत जाऊन चूल पेटवायला लागली. दुसऱ्या पहाटेही तू आलास आणि पुन्हा हात मांडीवर ठेवून बसलास, असं तिने सांगितलं. पण या वेळी सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

बारामतीला सोनाराकडे मी, आई आणि तात्या गेलो. त्याने ठसा दाखवला. घोडा, स्वार, उजव्या हातात उगारलेली तलवार. या ठशावर पत्रा ठोकून सगळे वीर निघतात. मी विचारलं, तलवार डाव्या हातात करता येईल का?

सोनार माझ्याकडे बघतच राहिला. "डावखुरा वीर? बाई, आजोबांपासनं हा एकच ठसा हाय आमच्याकडं. नवा कोरावा लागंल, आन घटाच्या आत काय व्हायचा न्हाय."

तात्या तर भडकलेच. "शालन, देवात तरी डावं-उजवं करू नगं!"

तू असतास तर दुकानाबाहेर जाऊन हसला असतास. मी हसले नाही. मी आईकडे बघितलं. मला वाटलं, जात्यापाशी जी बाई मी बघितली ती आता बोलेल. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "हाय तसाच करा," ती म्हणाली.

परतीच्या एसटीत मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. खिडकीतून ऊस जात होता, आणि मला इतका राग आला होता की खिडकीची दांडी धरून बसले. आयुष्यभर फडकं बांधलं, आता कायमचं चांदीत बांधते. तू आम्हा दोघींच्या मध्ये बसला होतास. हात मांडीवर.

टाक आला. घट बसायच्या आदल्या दिवशी भावकी जमली. पूजेआधी आईने मला आत बोलावलं आणि गडी माझ्या हातात दिला, धुतलेला, नव्या रुमालात.

"ह्याला तू ने. देव्हाऱ्यात न्हाय शोभत. पर पेटीत नगं घालू. मांड. लोकास्नी बगू दे."

"लोक दोषच बगत्यात म्हणं," मी म्हणाले. राग होताच मनात.

"दोष कसला? तो त्याचा हात हाय," आई म्हणाली.

सुभ्या, हे वाक्य तिला कुणी सांगितलं? आपल्या भांडणातलं अक्षरही मी तिला सांगितलेलं नव्हतं. तू कुठे तरी जवळ आहेस असं मला त्याआधीही वाटायचं, पण भीती वाटायची. तेव्हा पहिल्यांदा वाटली नाही. बरं वाटलं.

तात्यांनी टाकाला दुधाने अंघोळ घातली, हळद लावली आणि खंडोबाला टेकवून तुला आमच्याकडे तोंड करून बसवलं. उजव्या हातात तलवार. सगळ्यांनी हात जोडले आणि पंगतीसाठी बाहेर गेले. आईने शेंगोळ्यांचं ताट आणलं, देव्हाऱ्यापुढे ठेवलं. इकडेतिकडे बघितलं. दारात मी एकटीच होते. मग तिने हात घालून टाक उचलला, फिरवला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवला.

मी म्हणणार होते, आये, देवाची पाठ कशी करतेस. पण माझी नजर त्या पाठीवर गेली. पत्रा पातळ, मागून पोकळ. त्या पोकळीत तोच घोडेस्वार उलटा उठलेला. कापड उलट्या बाजूने धरलं की उजवी बाही डावी दिसते, हे मी रोज बघते, पण सोनाराच्या दुकानात माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. दिव्याच्या उजेडात तुझी तलवार डाव्या हातात होती.

आईला ते दिसलं नसणार. तिची नजर आता तेवढी नाही. तिने त्यासाठी तुला फिरवलंच नव्हतं. ती स्वतःही वळली, देव्हाऱ्याकडे पाठ करून बसली, आणि मागे न बघता म्हणाली, "डाव्यानं जेव, बाबा. मी बगत न्हाय."

सकाळी मी उठून चुलीपाशी गेले तर ती नैवेद्याच्या ताटातली शेंगोळी पुढ्यात घेऊन बसली होती. खात होती. सावकाश, एकेक. मी समोर बसले. विचारू की नको, असं झालं होतं.

"आलता?"

"आलता."

"जेवला का?"

आईने घास गिळला, वर पाणी प्याली.

"मला काय म्हाईत?" ती म्हणाली. "मी बगितलंच न्हाय."